मंगळवारच्या आत इंदूआत्याचा फोटो

माझ्या ओळखीची माणसं आधी प्रवास ठरवतात आणि मग कॅमेरा घेतात. माझ्या बाबतीत आधी कॅमेरा ठरला आणि त्याच्यामागे नऊ दिवसांचा प्रवास आला. सदाशिव पेठ, बिबवेवाडी, पुन्हा सदाशिव पेठ, येरवडा आणि परत, असा तो झाला. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दक्षिण अमेरिकेचा नकाशा मी डोळे मिटून फळ्यावर काढू शकते, पण बिबवेवाडीला मी त्याआधी एकदाच गेले होते, तेही एका मुंजीला. भूगोल शिकवणाऱ्या माणसाने फिरलेलं असावं अशी काही अट नसते. नदीपलीकडे फारसे न गेलेल्या वाचकांसाठी हे लिहिते आहे. आमच्या पेठेत अशांची संख्या बरीच आहे.

निमित्त इंदूआत्याचं. इंदूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय त्र्याऐंशी. वडील शिकायला म्हणून गावाहून सदाशिव पेठेत आले आणि राहिले. आत्या गावातच दिली, आणि पुढे ते गावच शहराच्या पोटात गेलं. आता ती येरवड्याला एका सोसायटीत मुलगा आणि सुनेबरोबर राहते. रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला.

"शैले, म्होरल्या मंगळवारी माझं ऱ्हायलेलं दात काढणार हायेत."

"किती राहिलेत?"

"पाच. म्होरलं. दुखत न्हाईत, पर हालत्यात. त्याच्या आत तू माझा फोटू काढ."

"कसला फोटो?"

"भितीवर लावायचा," आत्या म्हणाली. बाजारातून कोथिंबीर आण म्हणावं, तसं म्हणाली.

भिंतीवर लावायचा फोटो कोणता, हे मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. पण आत्याची घाई का, ते सांगायला हवं. तिचे यजमान, आमचे नाना, अचानक गेले तेव्हा त्यांचा एकही सुटा फोटो घरात नव्हता. एका लग्नातल्या घोळक्यात ते मागच्या रांगेत होते. स्टुडिओवाल्याने तिथून त्यांचं डोकं कापलं आणि कोट-टाय घातलेल्या कुणाच्या तरी धडावर बसवून दिलं. नानांनी जन्मभर धोतर आणि बंडी घातली. गेली बावीस वर्षं आत्या त्या कोटाला उदबत्ती ओवाळते आहे.

म्हणून ती गेल्या महिन्यात स्वतःच्या पायांनी एका स्टुडिओत जाऊन आली. तिथल्या माणसाने संगणकावर तिचा चेहरा स्वच्छ करून दिला. त्या स्वच्छतेत सुरकुत्या गेल्या, आणि हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपकेही डाग समजून पुसले गेले. ते गोंदण तिच्या आईने ती सात वर्षांची असताना करवून घेतलं होतं. पाठीमागे बर्फाचे डोंगर आले. फोटो घरी आल्यावर आत्याने सुनेला विचारलं, "ही बया कोन?" सुनेने मोबाइलवर काढून बघितला, तर मोबाइल न विचारताच तेच करत होता.

"मला माझं त्वांड पायजे शैले. मागनं लोकं हार घालनार, तो दुसऱ्याच बाईला नगं. तू शिकल्याली हायेस, तू काढ."

मी हो म्हटलं. तोपर्यंत मी आयुष्यात कॅमेरा हातात धरलेला नव्हता.

सदाशिव पेठ, सोमवार

आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर परचुरे नावाचे गृहस्थ कॅमेरे दुरुस्त करतात. वय सत्तरीचं असेल. पहिल्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत, खिडकीला टेबल लावून, डोळ्याला भिंग अडकवून बसतात. मी आत गेले तेव्हा त्यांनी भिंग काढलं नाही. त्यामुळे त्यांचा एक डोळा बशीएवढा दिसत होता आणि मी सगळं त्या डोळ्याला सांगितलं.

"नवीन कॅमेरा घ्यावा म्हणते," मी म्हटलं.

"कशाला?"

"फोटो काढायला."

"नवीन घेतलात तर वापरायला घाबराल. कपाटात ठेवाल. मग दहा वर्षांनी तो माझ्याकडे येईल आणि मला तो आवडणार नाही." त्यांनी भिंग काढलं. "दहा-बारा वर्षांपूर्वीचा, सगळ्यात खालच्या पायरीचा डिजिटल एसएलआर घ्या. त्याला बटणं कमी असतात. जेवढी बटणं कमी, तेवढ्या चुका कमी."

"पण त्याचे मेगापिक्सेल कमी असतील ना?" हा शब्द मी रात्री पाठ केला होता.

"आत्याबाईंचा फोटो भिंतीवर लावायचाय की होर्डिंगवर?"

नंतर त्यांनी विकत घेताना काय बघायचं ते सांगितलं. लेन्स खिडकीसमोर धरून तिच्या आरपार बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आणि बुरशी असली तर चहा पिऊन परत यायचं. बॅटरी फुगलेली नाही ना, ते बघायचं. खटका दाबून आवाज ऐकायचा, कुरकुर आली तर नको. आणि झूमच्या लेन्सबरोबर पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स मिळाली तर ती आधी उचलायची, कारण चेहऱ्याला तीच.

"एक लक्षात ठेवा, ह्या जुन्या स्वस्त बॉडीत मोटर नसते. पन्नासची जुनी लेन्स लावलीत तर फोकस आपोआप होणार नाही. हाताने फिरवावा लागेल."

"जमेल मला?"

"घड्याळाला किल्ली दिली आहेत ना कधी?"

हे सगळं त्यांनी मला फुकट सांगितलं. जिना उतरताना मला तो माझा अपमान होता की सल्ला, हे नीट ठरवता आलं नाही. आमच्या भागात या दोहोंची सरमिसळ असते आणि बाहेरून आलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागतो.

बिबवेवाडी, बुधवार

जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर माझ्या भाचीने शोधून दिलेला कॅमेरा बिबवेवाडीत होता. विकणारी मुलगी रेणुका, यवतमाळची, हिंजवडीला एका कंपनीत कामाला. त्या दिवशी ती घरून काम करत होती, म्हणजे लॅपटॉप उघडा होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलत होती.

बिबवेवाडी हा चढाचा प्रदेश आहे. दुकानांवर घरं, घरांवर घरं आणि त्या सगळ्यांच्या मधून दुचाक्या. रहिवासी कामसू आणि मोकळे. आमच्याकडे अनोळखी माणूस दारात आला तर आधी काम विचारतात आणि काम पटलं तर दार उघडतात. रेणुकाने आधी दार उघडलं, मग बसवलं, मग पोहे पुढ्यात ठेवले, आणि त्यानंतर मी कोण ते विचारलं.

त्या पोह्यांबद्दल लिहायला हवं. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर पडते. रेणुकाने माझ्या डोळ्यांदेखत पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक, तवंग असलेला रस्सा ओतला. त्याला तर्री म्हणतात. मी दोन घास पाहुणी म्हणून खाल्ले आणि उरलेले स्वतःच्या इच्छेने. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेऊन माझ्याकडे बघितलं.

"सेकंड इयरला घेऊन दिला होता पप्पांनी," रेणुका सांगत होती. "तेव्हा ना मॅडम, सगळ्यांकडंच होता. ॲक्च्युअली तीन महिने वापरला असंल. मग फोनच चांगला आला."

मी लेन्स काढून खिडकीसमोर धरली आणि एक डोळा मिटला.

"काय करून राहिले मॅडम?"

"बुरशी बघते आहे."

तिने पण एक डोळा मिटला आणि आम्ही दोघींनी आळीपाळीने बघितलं. बुरशी नव्हती. पिशवीच्या तळाशी मात्र बरीच वाळू होती, आणि त्या वाळूवरून रेणुकाच्या कॉलेजची सहल कुठे गेली होती याचा अंदाज करता येत होता. बॅटरी सपाट होती. खटका स्वच्छ वाजला.

मग तिने विचारलं, "फोटो कोनाचा काढायचा आहे?" मी आत्याचं सांगितलं. कोट, गोंदण, पाच दात, मंगळवार, सगळं. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि एक लहानशी लेन्स घेऊन आली. पन्नासची.

"हे पन घेऊन जा मॅडम. सेकंडहँड घेतली होती. ऑटोफोकस होत नाही म्हनून मी कधी लावलीच नाही. कार्ड फक्त मी ठेवते, त्यात माझं पूर्ण कॉलेज आहे."

किमतीवर आम्ही दोघीही ओशाळून पटकन एकमत केलं. उतरताना तिने जिन्यात येऊन सांगितलं, "आजींचा फोटो मला पन पाठवा." मला ती मुलगी फार आवडली, आणि एवढ्या मोठ्या शहरात ती एकटी पोहे करते याचं उगाच वाईटही वाटलं.

पुन्हा सदाशिव पेठ, गुरुवार ते शनिवार

गुरुवारी मी एक नवं मेमरी कार्ड घेतलं आणि परचुऱ्यांकडे गेले. त्यांनी कॅमेरा उलटसुलट केला, फुंकला, आतला आरसा वर करून बघितला आणि "वाईट नाही" म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेला हा सर्वोच्च शब्द आहे, असं मला पुढे कळलं. तपासताना कार्ड नसलं तरी खटका दाबता यावा, अशी एक सोय त्या कॅमेऱ्यात असते. ती त्यांनी चालू केली. हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, असं ते म्हणतात. असेलही. मी त्या वेळी हिरवा ठिपका शोधत होते.

हिरव्या ठिपक्याचं असं आहे. कॅमेऱ्याला डोळा लावला की आत खाली आकड्यांची एक ओळ दिसते. हाताने लेन्स फिरवत राहायचं. फोकस बरोबर बसला की त्या ओळीच्या डाव्या टोकाला एक हिरवा ठिपका लागतो. लागला की श्वास धरून खटका दाबायचा.

"बाकीचे आकडे?" मी विचारलं.

"ते मी लावून देतो. तुम्ही त्यांच्याकडे बघायचं नाही. ठिपका सोडून काही बघायचं नाही. शिकणाऱ्या माणसाने सगळं बघायला सुरुवात केली की समोरचा माणूस उठून जातो."

तीस वर्षं मुलांना 'सांगितलं तेवढंच कर' असं ओरडत आल्यामुळे ही सूचना मला मनापासून पटली.

खिडकी आपल्या पाठीशी नको आणि त्यांच्याही पाठीशी नको, बाजूला हवी. फ्लॅश उघडायचा नाही. ठिपका डोळ्यांवर लागला पाहिजे. डोळे स्पष्ट नसतील तर फोटो फुकट. एवढे नियम घेऊन मी घरी आले आणि प्रेशर कुकरवर व आमच्या ह्यांच्यावर सराव केला. दोघेही फारसे हलत नाहीत. कुकरचे फोटो जास्त चांगले आले, कारण त्याला मध्येच "झालं का" असं विचारायची सवय नाही.

शुक्रवारी बाहेर पडले. गल्लीत उभी राहून समोरच्या गॅलरीतल्या तुळशीवर ठिपका लावत होते, तेवढ्यात एक गृहस्थ घाईघाईने आले आणि नो पार्किंगमधली आपली स्कूटर काढून घेऊन गेले. मग दुसरे आले. तिसऱ्या बाई "दोनच मिनिटं लावली होती हो" असं मला सांगून गेल्या. दहा मिनिटांत आमची गल्ली रिकामी झाली. गेल्या कित्येक वर्षांत मी ती रिकामी बघितली नव्हती. कॅमेऱ्याचा हा उपयोग परचुऱ्यांनी सांगितला नव्हता.

शनिवारी मी कार्ड काढून फोटो छापणाऱ्या दुकानात दिलं आणि कुकरची व ह्यांची एकेक प्रत करून घेतली. ह्यांच्या कानावरचे केससुद्धा मोजता येत होते. मी त्या दोन प्रती छातीशी धरून घरी आले. आनंदाच्या भरात माणूस काय विसरतो, ते त्याला लगेच कळत नाही.

येरवडा, रविवार

येरवडा मला माहीत होतं, पण फक्त दिवाळीतलं. मेट्रोने नदी ओलांडली की दहा मिनिटांत पोचता येतं. येरवड्याला चाललेय म्हटलं की आमच्या पेठेत लोक "कधी सुटणार?" असं विचारतात. मी तो विनोद त्या दिवशी चार जणांकडून ऐकला आणि चौघांनाही संध्याकाळपर्यंत सुटेन असं सांगितलं.

आत्या सकाळी आठपासून तयार होऊन बसली होती. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर. मी अकराला पोचले तोपर्यंत तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं, कुंकू हलेल म्हणून. तिची सून, आमच्या मंगलवहिनी, स्वयंपाकघर आणि खोली यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत होत्या. शेजारच्या दोघी खुर्च्या घेऊन आल्या होत्या.

मी आत्याला खिडकीच्या बाजूला बसवलं. उजेड सुरेख होता. गालावरची एकेक सुरकुती, हनुवटीवरचे तीन हिरवट ठिपके, सगळं दिसत होतं. आत्याने ओठ घट्ट मिटले.

"आत्या, थोडे दात दिसू दे की."

"फोटूत दात काढू न्हाई. बाईमानसानं तर न्हाईच."

"मग मंगळवारची एवढी घाई कशाला केलीस?"

"आतनं टेकू हाय त्यो. टेकू काढला म्हंजी व्हट आत जात्यात. समदं त्वांड बदलतं."

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. आतल्या ओळीत उजवीकडे काहीतरी लुकलुकत होतं. ठिपका सोडून काही बघायचं नाही, असं सांगितलेलं असल्यामुळे मी तिकडे बघितलं नाही. लेन्स फिरवली. आत्याच्या डोळ्यांवर ठिपका लागला. मी श्वास धरला आणि खटका दाबला. असं मी पाच वेळा केलं, सावकाश, तासभर लावून.

प्रत्येक वेळी मागच्या पडद्यावर आत्या उमटली. पाचवा फोटो मी तिच्यापुढे धरला. तिने चष्मा बदलला, कॅमेरा दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ बघत राहिली.

"ही मी हाय," ती म्हणाली.

मला इतकं बरं वाटलं की मी उगाच खिडकीबाहेर बघितलं. मंगलवहिनी तिच्या खांद्यावरून वाकल्या. "शैलाताई, इथं कोपऱ्यात डेमो लिहून आलंय."

"जुना कॅमेरा आहे वहिनी. लिहितो काहीबाही."

मग जेवायला बसलो. बाजरीची भाकरी, बेसनाची मासवडी, तिचा झणझणीत रस्सा आणि वर लसणीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी वाढू का?" असं विचारतात आणि पाहुणा "नको" म्हणाला की त्याच्या शब्दाला मान देतात. येरवड्यात विचारण्याची पद्धत नाही. ताटावर हात आडवा धरला तर वहिनी हाताच्या कडेने वाढतात. आत्या भाकरी रश्श्यात कुस्करून, मऊ करून खात होती. पाच दात चावायला नव्हतेच, ते फक्त तोंडाला आकार द्यायला होते, आणि आणखी दोन दिवस ते काम करणार होते. निघताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"सुटले बाई," ती म्हणाली. "आता कवाबी जायला मोकळी."

सदाशिव पेठ, सोमवार

सकाळी दुकान उघडताच मी कॅमेरा घेऊन हजर झाले. भिंतीवर लावायच्या आकाराची प्रत हवी म्हणून सांगितलं. छापणाऱ्याने कॅमेऱ्याची बाजूची झडप उघडली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि टेबलाचा खण ओढून त्यातून माझं कार्ड काढून पुढे ठेवलं.

"शनिवारी इथंच विसरलात, मॅडम. फोन केला असता, पण नंबर नव्हता तुमचा."

तिथून मी परचुऱ्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कॅमेरा हातात घेतला, कार्डाशिवायच खिडकीचा एक फोटो काढला आणि पडदा माझ्याकडे केला. खिडकी होती. कोपऱ्यात डेमो होतं. थोड्या वेळाने पडदा काळा झाला.

"दिसतो," ते म्हणाले. "राहत नाही."

"कायमचा गेला?"

"जायला यावा लागतो."

मी तिथल्या स्टुलावर बसून राहिले. परचुऱ्यांनी त्यांच्या स्वभावाविरुद्ध मला पाणी दिलं. त्यांच्या खणातून एक जास्तीचं कार्ड काढून दिलं आणि ते पर्समध्ये नव्हे, कनवटीला ठेवा, म्हणाले.

सोमवारी मी येरवड्याला फोन केला नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. कपाळकरंट्या माणसासारखी मी ते पाच क्षण पुन्हा पुन्हा आठवत होते. एका म्हाताऱ्या बाईने माझ्यावर भरवसा ठेवला होता, शहरभर दुसरं कुणी नाही म्हणून, आणि मी तिला मोकळ्या डब्यासमोर तासभर बसवून आले होते. मी घरी येऊन रडले. ह्यांनी वर्तमानपत्र पूर्ण खाली ठेवलं, घडी घातली आणि विचारलं, "तिचा दातांचा डॉक्टर कुठला?"

दातांचा डॉक्टर आमच्या मागच्या गल्लीतला होता. चांगले दातवाले अजून सदाशिव पेठेतच आहेत, असं येरवड्यात मानतात. वेळ मंगळवारी अकराची होती.

मागची गल्ली, मंगळवार

दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. बाहेर एक लांब गॅलरी, तिथे पेशंटसाठी बाकडं, आणि बाकड्याच्या बाजूला उंच खिडकी. मी दहालाच जाऊन बसले. कार्ड आत आहे का, हे मी बारा वेळा झडप उघडून बघितलं. शेजारच्या सुजलेल्या गालाच्या गृहस्थांनी तेराव्या वेळी मला स्वतःहून सांगितलं, "आहे."

पावणेअकराला आत्या आणि मंगलवहिनी रिक्षातून उतरल्या. जिना चढून आत्याला दम लागला होता. अंगावर रोजचं विटकं लुगडं, डोक्यावरचा पदर सरकलेला, कुंकू नावाला. ती बाकड्यावर टेकली आणि मला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस? तुजं बी काढत्यात का?"

"आत्या," मी म्हटलं, "रविवारचा फोटो नाहीये."

"नाहीये म्हंजी? कुटं गेला?"

"गेला नाही. आलाच नव्हता. कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं."

"कार्ड म्हंजी काय आसतंय?"

"म्हणजे पूर्वी रोल असायचा ना, तसं."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "रोलच घातला न्हवता?"

"नाही."

"आन मी तासभर त्वांड मिटून बसले."

"हो."

"बिनापान्याची."

"हो आत्या."

मंगलवहिनींनी कपाळाला हात लावला. सुजलेल्या गालाचे गृहस्थ दुसरीकडे बघू लागले. आत्याच्या तोंडाचा कोपरा हलला. "माझ्या लग्नात बी आसंच झालं हुतं," ती म्हणाली. "मामंजींनी हौसनं फोटूवाला आनला. त्यो दिसभर नुसता उजेड पाडत बसला. मी धा येळा मान वर केली. मागनं कळालं, त्याचा रोल सकाळीच संपला हुता." आणि ती हसायला लागली. आधी घशात, मग खांदे हलायला लागले, मग तोंड उघडलं. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, ती पाचही दात दाखवत माझ्यावर हसत होती.

मी कॅमेरा उचलला. ती हलत होती, ठिपका लागत होता आणि जात होता. परचुऱ्यांचं सगळं सोडून देऊन मी तीन वेळा खटका दाबला. मग आतून नाव पुकारलं गेलं, वहिनींनी तिला हाताला धरून उठवलं आणि दार लागलं.

मी पडद्यावर बघितलं. कोपऱ्यात काहीही लिहिलेलं नव्हतं. पहिला फोटो हललेला होता, तिसऱ्यात वहिनींचा हात आडवा आला होता. मधला मी दुपारी परचुऱ्यांना नेऊन दाखवला. त्यांनी भिंग लावून बघितला.

"फोकस हनुवटीवर आहे. डोळे जरासे मऊ आलेत," ते म्हणाले. हनुवटीवर तीन ठिपके टोचल्यासारखे स्पष्ट होते.

"मग फुकट?"

त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "छापा," ते म्हणाले.

येरवडा, तीन आठवड्यांनंतर

चौकट करून फोटो घेऊन गेले तेव्हा आत्याची कवळी अजून यायची होती. टेकू गेला होता. ओठ आत वळले होते, हनुवटी वर आली होती आणि तिचं बोलणं समजायला मला थोडा वेळ लागत होता. ती म्हणाली होती तसंच झालं होतं, सगळं तोंड बदललं होतं.

मंगलवहिनींना फोटो आवडला, पण त्या अडखळल्या. "शैलाताई, भिंतीवर असं मोठ्यानं हसणारं माणूस बरं दिसतं का? वर हार, आणि खाली असं?"

मला ते पटत होतं. मी आत्याला म्हटलं, कवळी आली की परत येते, नीट बसवून, ओठ मिटून एक काढू. कार्ड घालून.

आत्याने चौकट मांडीवर घेतली होती. तिने काचेवर हनुवटीच्या जागी बोट ठेवलं, तीन ठिपके मोजल्यासारखं. मग विचारलं, "ही कुनाला हसतीया?"

"मला."

"रोल घातला न्हाईस म्हनून?"

"हो."

वहिनी मासवडीचं ताट घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"ह्योच लावायचा," आत्या म्हणाली. "आन आजून एक असाच काढून घी. तुझ्या घरात लाव."

"माझ्या घरात कशाला?"

"मी गेल्यावर तुला हसायला कुनीतरी नगं का?"

मला तिथेच, ताटावर बसल्याबसल्या रडू आलं. आत्याने माझ्याकडे बघितलं, मान मागे टाकली आणि त्या रिकाम्या, बदललेल्या तोंडाने पुन्हा तशीच खदखदून हसली. कॅमेरा मी घरी ठेवून आले होते.